‘सीइंग समवन’ म्हणजे नेमकं काय बघायचं?

मराठी मीडियमच्या मुलीने अमेरिकन सिरियल्समधून प्रेमाचं इंग्लिश शिकायला घेतलं, तर काय काय होऊ शकतं? एका दोनशे पानी लाँगबुकाची ही गोष्ट…

“आर यू सीइंग समवन?”

२००६ चा ऑगस्ट. कल्याणीनगरमधलं आमचं ऑफिस, रात्रीचे अडीच, ब्रेकची वेळ. समोर बसलेल्या मुलाने मॅगीत काटा फिरवत हा प्रश्न टाकला आणि मी चक्क मागे वळून पाहिलं. अख्ख्या कॅन्टीनमध्ये फरशी पुसणारे एक काका सोडले तर शुकशुकाट. मी इमानदारीत उत्तर दिलं, “नो. ओन्ली यू.”

बॉस, त्या मुलाचे कान लाल झाले! मॅगी तशीच ठेवून तो पाणी प्यायला उठला. मला वाटलं, ह्याला ठसका लागला.

पहाटे रूमवर आल्यावर रूममेटला हा किस्सा सांगितला. ती वांद्र्याच्या कॉन्व्हेंटमधली, घरी मराठी आणि घराबाहेर फाडफाड इंग्लिश. ती उशीत तोंड खुपसून पाच मिनिटं नुसती हलत होती. मग डोळे पुसत म्हणाली, “येडे, तो विचारत होता, तुझं कोणी आहे का. आणि तू त्याला सांगितलंस, तूच आहेस!”

माझं पहिलंवहिलं अफेअर हे असं एका क्रियापदाच्या चुकीच्या अर्थावर सुरू झालं. आता ‘सी’ म्हणजे बघणे, सीइंग म्हणजे बघत असणे. पाचवीपासून हेच घोकलेलं. आमच्या मिरजेच्या शाळेत इंग्लिश पाचवीत सुरू व्हायचं. मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्लिश आलं ते २००० साली, म्हणजे आम्ही दहावीचे पेपर टाकून मोकळे झाल्यावर. आमचं सगळं इंग्लिश तर्खडकर आणि रेन अँड मार्टिनच्या कृपेने. पॅसिव्ह व्हॉइस झोपेत करून दाखवला असता. राम पत्र लिहितो, रामाकडून पत्र लिहिले जाते, इथपर्यंत सगळं फिट. पण ह्या रामाने पत्र कुणाला लिहिलं, ती त्याच्याशी बोलते की नाही, हे रेन साहेबांनी किंवा मार्टिन साहेबांनी कधी विचारलं नाही.

मग ऑफिसात अमेरिकन कस्टमर्सशी बोलायचं म्हणून आम्हाला व्हॉइस अँड अॅक्सेंटचं ट्रेनिंग दिलं. ट्रेनरने पहिल्याच दिवशी सांगितलं, ग्रामर येतं तुम्हाला, माणसं कशी बोलतात ते येत नाही. घरी जा आणि ‘फ्रेंड्स’ बघा.

‘फ्रेंड्स’ तोवर अमेरिकेत संपूनसुद्धा गेली होती. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये एनबीसीवर सुरू झाली, २००४ च्या मे महिन्यात संपली. दहा सीझन, २३६ एपिसोड. आपल्याकडे स्टार वर्ल्डवर लागायची, पण आमच्या पीजीच्या हॉलमधल्या टीव्हीवर काकूंचा ताबा आणि काकूंना ‘वादळवाट’ प्रिय. त्यामुळे रूममेटच्या भावाने हॉस्टेलच्या लॅनवरून उतरवलेले दहाच्या दहा सीझन एका हार्ड डिस्कवर आले. (त्या काळी पुण्यातली निम्मी इंजिनिअरिंग हॉस्टेल्स ह्या एका पुण्यकर्मावर चालायची. आता कबूल करायला हरकत नाही.) खाली इंग्लिश सबटायटल्स होती. तीच आमची खरी मास्तरीण.

हा उद्योग करणारे आम्ही एकटेच नव्हतो, हे पुढे कळलं. बीटीएस ह्या कोरियन बँडचा लीडर आरएम २०१७ मध्ये एलेन डीजेनरसच्या शोमध्ये अस्खलित इंग्लिश बोलला आणि हे कुठे शिकलास म्हटल्यावर त्याने ‘फ्रेंड्स’चं नाव घेतलं. त्याच्या आईने म्हणे डीव्हीडी आणून दिल्या होत्या. आधी कोरियन सबटायटल्स लावून, मग इंग्लिश, मग विनासबटायटल असा त्याचा क्रम. शिस्तीचा मुलगा! मराठी सबटायटल्स आम्हाला कोण देणार? म्हणून मी लाँगबुक घातलं. उभ्या दोन रेघा मारून तीन रकाने केले. पहिल्यात इंग्लिश शब्द, दुसऱ्यात सीझन-एपिसोड, तिसऱ्यात मराठी अर्थ.

पहिले दोन रकाने धडाधड भरत गेले. तिसऱ्याची मात्र पंचाईत.

सुरुवातीची गोची व्याकरणाची होती. प्रेमाचं इंग्लिश म्हणजे मोठे मोठे शब्द असतील अशी माझी समजूत, पण सगळा खेळ निघाला दोन-तीन अक्षरी चिल्लर शब्दांचा. आऊट, अप, ओव्हर, ऑन. आस्क म्हणजे विचारणे, आस्क आऊट म्हणजे ‘येतेस का फिरायला’ असं विचारणे. ब्रेक अप म्हणजे तुटणे आणि मेक अप म्हणजे परत जुळणे, पावडर-लिपस्टिकचा काही संबंध नाही. स्टँड अप म्हणजे बाईंनी बाकावर उभं करणे हा आपला अनुभव. तिथे मात्र कोणी कुणाला ‘स्टूड अप’ केलं, म्हणजे बोलावून स्वतः आलाच नाही, समोरची ताटकळत बसली.

आणि मेक आऊट! शाळेत शिकलेला अर्थ उमगणे, कळणे. ‘फ्रेंड्स’मधला अर्थ मी इथे लिहीत नाही, तुम्हाला माहितीये. मला तेव्हा माहीत नव्हता. एका टेक्सासवाल्या आजोबांचं बोलणं काही केल्या कळेना, कॉल गंडला, आणि रिव्ह्यू मीटिंगमध्ये टीम लीडरने कारण विचारलं. मी म्हटलं, “आय ट्राइड माय बेस्ट, बट आय कुड नॉट मेक आऊट विथ द कस्टमर.” टीम लीडरने फाइल तोंडापुढे धरली. फाइल थरथरत होती.

असो. व्याकरण पोटभर हसून जमलं. तिसऱ्या रकान्याची खरी अडचण वेगळीच होती.

तुम्ही ‘डेटिंग’ला मराठी शब्द सांगा. बसा विचार करत. मी तेव्हा आठवडाभर केला होता. लग्नाच्या बाबतीत आपली भाषा किती श्रीमंत आहे बघा. स्थळ, पत्रिका, कांदेपोहे, पसंती, बैठक, याद्या, साखरपुडा, केळवण… पायरीपायरीला शब्द. पण दोन माणसं आपली आपण एकमेकांना आवडली, अजून काही ठरलं नाही, ठरेल की नाही तेही माहीत नाही, तर त्या अवस्थेला मिरजेत काय म्हणायचे? लफडं. भानगड. जरा सभ्य घरात ‘प्रकरण’. म्हणजे शब्द उच्चारला की आरोपपत्रच!

कॉलेजच्या पोरांची भाषा होती, नाही असं नाही. लाईन मारणे, भाव न देणे, पटवणे. पण ‘पटवणे’ ह्या शब्दाकडे जरा नीट बघा. तो पटवतो, ती पटते. सगळी मेहनत त्याची, तिचं काम फक्त पटायचं. दहावीच्या ग्रामरमध्ये ज्याला प्रयोजक क्रियापद म्हणायचे तो प्रकार. मुलीने मुलाला पटवलं म्हटलं, की ऐकणारा डोळे मोठे करतो. ‘दे आर सीइंग इच अदर’मध्ये मात्र दोघं सारखे. कुणी कर्ता नाही, कुणी कर्म नाही, दोघं मिळून काहीतरी करताहेत, बस्स. रेन अँड मार्टिनने जन्मभर अॅक्टिव्ह-पॅसिव्ह करायला लावलं, त्याचा उपयोग मला पहिल्यांदा इथे दिसला.

तेव्हा ते शब्द मी फॅशन म्हणून उचलले, असं कोणी म्हणालं तर अर्धंच खरं. मला ते हवे होते. ‘मी त्याच्याबरोबर फिरते’ हे वाक्य माझ्या डोक्यात माझ्या आत्याच्या आवाजात उमटायचं. ‘वी आर गोइंग आऊट’ हे माझ्या स्वतःच्या आवाजात.

तर, गोइंग आऊट. वैशालीत एसपीडीपी, हनुमान टेकडीवर सूर्यास्त, पहाटेच्या कॅबमध्ये एका इअरफोनचे दोन कान. तो नाशिकचा, मीही मराठी, बोलणं सगळं मराठीतच. तरी महत्त्वाचं काही आलं, की दोघं गाडी बदलल्यासारखे इंग्लिशमध्ये शिरायचो. ‘आय लव्ह यू’ तो लकडी पुलावर बाईक चालवताना म्हणाला. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं म्हणाला असता, तर मी हसले असते. आणि ‘मला तू आवडतेस’ म्हणाला असता तर? तर मी बहुतेक गप्प झाले असते, कारण ते खरं वाटलं असतं.

लाँगबुक दरम्यान फुगत होतं. ‘फ्रेंड्स’च्या पहिल्याच सीझनमध्ये जोई रॉसला ‘फ्रेंड झोन’ समजावतो, हे पान तिसरं. मैत्रीत अडकलेल्या पोराची कथा आपल्याकडे घरोघरी, पण त्या जागेला नाव नव्हतं. दुसऱ्या सीझनमधला एपिसोड तर मी चार वेळा पाहिला. रेचल दारूच्या नशेत रॉसच्या आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवते, की मी आता तुझ्या ‘ओव्हर’ आहे, आणि ह्यालाच क्लोजर म्हणतात. दुसऱ्या दिवशी तो ते ऐकतो आणि चक्रावून विचारतो, की बाई, तू ‘अंडर’ कधी होतीस? स्टुडिओतलं पब्लिक खदाखदा हसतं. (बर्बँकच्या वॉर्नर ब्रदर्सच्या चोवीस नंबरच्या स्टेजवर समोर खरीखुरी माणसं बसवून शूटिंग व्हायचं. त्या स्टेजला पुढे ‘फ्रेंड्स’चंच नाव दिलं.) मला पहिल्यांदा हसायला आलं नाही, कारण ओव्हर-अंडरचा विनोद कळायला आधी ‘ओव्हर’ कळायला हवं. चौथ्यांदा कळलं आणि मी एकटीच मध्यरात्री हसले. भाषा आली असं वाटण्याचा तो क्षण, सॉलिड असतो तो.

क्लोजर पुढचा तिसरा रकाना कोरा.

सगळ्यात मजेशीर पान ‘ऑन अ ब्रेक’चं. १९९७ च्या फेब्रुवारीतला एपिसोड. रेचल म्हणते ब्रेक घेऊ या, रॉस त्याच रात्री दुसरीबरोबर जातो. मग भांडण. त्याच्या मते ते ब्रेकवर होते, म्हणजे सुटलेले होते. तिच्या मते ब्रेक म्हणजे फक्त दम खाणे. आणि हे भांडण पुढची सात वर्षं, थेट शेवटच्या एपिसोडपर्यंत पुरतं! म्हणजे अमेरिकेत जन्मलेली, इंग्लिश मातृभाषा असलेली दोन माणसं तीन शब्दांच्या अर्थावर सात वर्षं भांडतात. हे पाहून मला फार बरं वाटलं होतं.

मग रूममेटने ‘सेक्स अँड द सिटी’च्या सीडीज आणल्या. पीजीवाल्या काकूंना कव्हर दिसू नये म्हणून आम्ही त्या ‘श्री गणेश आरती संग्रह’च्या डबीत ठेवायचो. त्यातला एक सीन आम्हा दोघींना हादरवून गेला. २००३ चा, सहाव्या सीझनचा. मिरांडाला डेटनंतर पोरगा वर घरी येत नाही, मैत्रिणी नेहमीप्रमाणे समजूत घालतायत, बिझी असेल, घाबरला असेल. तिथे बसलेला बर्गर हा कॅरीचा बॉयफ्रेंड सरळ सांगतो, त्याला तू तितकीशी आवडली नाहीस. मिरांडा खूश! तिला वाटतं, किती वर्षांचा ताप वाचला. त्या एका वाक्यावर मालिकेशी संबंधित दोघांनी पुढच्याच वर्षी पुस्तक लिहिलं, ते तुफान खपलं आणि २००९ मध्ये त्याचा सिनेमासुद्धा आला. आता गंमत बघा. हाच सत्यवचनी बर्गर थोड्याच एपिसोड्सनंतर कॅरीला सोडतो, तेव्हा समोरासमोर बोलत नाही. एका पोस्ट-इटच्या चिठ्ठीवर दोन ओळी लिहून पसार होतो. म्हणजे दुसऱ्याच्या बाबतीत स्पष्ट बोलणं सोपं असतं, हे त्या लेखकांना चांगलंच माहीत होतं. आम्ही मात्र फक्त पहिला सीन पाठ केला.

आता २००८ चा फेब्रुवारी. कर्वे रोडवरचं एक कॉफी शॉप. त्याने दोन कॅपुचिनो मागवल्या, साखरेची पुडी फाडली, परत मिटवली. आणि म्हणाला, “इट्स नॉट यू. इट्स मी.”

मला धक्का बसायच्या आधी काय झालं सांगू? मला पान नंबर आठवला. एकेचाळीस. ‘साइनफेल्ड’, १९९३ चा एपिसोड. त्यात जॉर्जची मैत्रीण त्याला हेच वाक्य ऐकवते आणि तो भडकतो, की हे वाक्य माझं आहे, ह्याचा शोध मी लावलाय! समोर माझं दीड वर्ष टेबलावरून घसरत होतं आणि माझ्या डोक्यात लाफ्टर वाजत होतं. त्या पानावर तिसऱ्या रकान्यात मी माझ्या हाताने, निळ्या शाईत अर्थ लिहिला होता: ‘कटवायचं असल्यास.’

मीसुद्धा काही कमी नाही. मी म्हटलं, “थँक्स फॉर बीइंग ऑनेस्ट.” हे सीझनसकट पाठ होतं. बिल आलं, मी माझे अर्धे पैसे काढून ठेवले. गोइंग डच, पान नऊ. दोघंही अगदी नीट, चुका न करता बोललो. व्हॉइस अँड अॅक्सेंटच्या ट्रेनरने दोघांना पैकीच्या पैकी दिले असते.

जिना उतरताना माझ्याकडून राहवेना. मी मराठीत विचारलं, “खरं काय झालंय?”

तो दोन पायऱ्या खाली होता. तिथेच थांबला, वळला नाही. “घरी सांगितलं मी. आईला नाही चालणार.”

बस्स. चालणार नाही. तुम्ही मराठी घरात वाढला असाल, तर ह्या शब्दात काय काय येतं ते मी सांगायची गरज नाही. जात येते, आडनाव येतं, नाशिकचा वाडा येतो, मोठ्या भावाचं झालेलं लग्न आणि धाकट्या बहिणीचं व्हायचं लग्न येतं. आईने दोन दिवस न जेवणं येतं. नॉट यू नव्हतं, नॉट मी पण नव्हतं. आई होती. हे सांगायला त्याच्याकडे भाषा होती, जन्मापासूनची. पण त्या भाषेत सांगितलं असतं, तर मी भांडले असते, रडले असते, तुझ्या तोंडात जीभ नव्हती का म्हणाले असते. आणि त्याला उत्तर द्यावं लागलं असतं. इंग्लिशमधलं वाक्य तयार होतं, इस्त्री करून घडी घातलेलं. ते दिलं की समोरचीला फक्त घ्यायचं असतं.

मला त्याचा राग ह्याचाच आला, सोडून गेल्याचा नंतर आला.

सिरियलमध्ये ब्रेकअप बावीस मिनिटांत उरकतं, पुढच्या आठवड्यात नवीन हेअरकट. आमची कॅब एकच होती. येरवड्यातून निघून कोथरूडपर्यंत सहा जण, आणि मुलीला शेवटी ड्रॉप करायचं नाही हा नियम, त्यामुळे तो नेहमी माझ्यानंतर उतरणार. दीड महिना रोज पहाटे मी पुढच्या सीटवर आणि माझ्या मानेमागे तो. क्लोजर, मूव्ह ऑन, स्पेस, सगळे शब्द मला येत होते. कॅबमध्ये स्पेस कुठून आणायची, ते एकाही सीझनमध्ये नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात रूममेट अचानक त्याच कॅबमध्ये चढली. तिची शिफ्ट दुपारची. मॅनेजरच्या हातापाया पडून तिने रोस्टर बदलून घेतलं होतं. माझ्या मागची सीट धरून बसली, म्हणजे तो आणखी एक रांग मागे. कोथरूडपर्यंत ती तोंडाने पावाचा कर्रकर्र आवाज करत टोस्ट खात राहिली. कारण काय, तर शांतता नको.

‘ग्रेज अॅनाटॉमी’च्या दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला, २००५ मध्ये, क्रिस्टिनाला दवाखान्याच्या फॉर्मवर इमर्जन्सीसाठी कुणाचं तरी नाव द्यायचं असतं, ती मेरेडिथचं देते आणि सांगते की तू माझी ‘पर्सन’ आहेस. त्या दोन शब्दांवर जगभरच्या मैत्रिणी फिदा. मी ते लिहून घेतलं तेव्हा तिसरा रकाना चटकन भरला होता, पहिल्यांदाच. माझं माणूस. ती मुलगी, मी मुलगी, तरी ‘माझं’. हा शब्द आपल्याकडे आधीपासून होता, अमेरिकेला २००५ साली सापडला.

आणि आईचा फोन. तो तर राहिलाच.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी झोपेतून उठून फोन घेतला. आई म्हणाली, “आवाज का असा?”

“एसीने बसलाय.”

“एसीने बसलेला आवाज असा येत नाही.”

मी काय बोलणार? माझ्याकडे दोनशे पानं शब्द होते आणि मिरजेला पाठवण्यासारखा एकही नाही. लफडं म्हणू? प्रकरण म्हणू? शेवटी म्हटलं, “आई, ब्रेकअप झालं.”

पलीकडे शांतता. मागे कुकरची शिट्टी. मग तिने हळू आवाजात विचारलं, “म्हणजे? काय मोडलं?”

मी उत्तर दिलं नाही. ती शहाणी, तिला कळलं. मला वाटलं आता सुरू होणार. कोण, कुठला, आडनाव काय, किती दिवस. तिने त्यातलं काहीच विचारलं नाही. तिने विचारलं, “जीव लावला होतास का?”

आणि मी जी रडले, ती रूममेट दार ढकलून आत येईपर्यंत रडले. दहा दिवसांत एक टिपूस नव्हतं काढलं. ‘आर यू ओके’ला मी सगळ्यांना ‘आयम गुड, आयम ओव्हर हिम’ असं टकाटक उत्तर दिलं होतं. ‘जीव लावला होतास का’ला कुठलंच उत्तर पाठ नव्हतं. “मग दुखणारच बाई,” आई म्हणाली. “जेवलीस का?”

ह्यावरून मी लाँगबुक जाळून मराठीचा झेंडा घेतला, असं काही झालं नाही हां! उलट पुढे मी ज्याच्याशी लग्न केलं, त्याला पहिल्याच महिन्यात स्वच्छ इंग्लिशमध्ये विचारलं, “आर वी एक्सक्लुझिव्ह?” मराठीत हा प्रश्न विचारायचा म्हणजे ‘तुझं अजून कुठे काही चालू नाही ना’ असा पोलिसी खाक्या होतो. आणि त्याच्याच घरच्यांबद्दल विचारलं ते मराठीत, चहा पिताना: “तुझ्या आईला चालणार आहे का?” दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाल्यावरच पुढे गेले.

दरम्यान आपल्याकडेही हवा बदलत होती. २०१० मध्ये ‘मुंबई-पुणे-मुंबई’ आला आणि पडद्यावर एक मराठी मुलगा आणि मुलगी दिवसभर फिरत नुसती बोलत राहिली. आम्ही ऑफिसचे बारा जण एका रांगेत बसून बघत होतो, कारण ती दोघं आमच्यासारखं बोलत होती, अर्धं हे, अर्धं ते. २०१५ मध्ये झी मराठीवर ‘दिल दोस्ती दुनियादारी’ लागली. एका फ्लॅटमध्ये राहणारी पोरंपोरी. पीजीवाल्या काकूंचा तेव्हा मुद्दाम फोन आला होता, “तुम्ही दोघी बघायचात ना, तसलंच काहीतरी आलंय मराठीत. मला आवडतंय.”

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये चँडलरचं काम करणारा मॅथ्यू पेरी गेला, तेव्हा आमच्या जुन्या टीमचा झोपलेला व्हॉट्सअॅप ग्रुप तासाभरात खडबडून जागा झाला. आरआयपी, रडके चेहरे, फोटो. ग्रुपवर कधीच चकार शब्द न काढलेल्या नाशिककराने एकच ओळ टाकली, मराठीत. “आपल्याला बोलायला शिकवणारा गेला रे.” मी त्यावर बराच वेळ बोट धरून बसले आणि मग नुसता अंगठा दिला.

गेल्या दिवाळीत मिरजेला माळा आवरताना भाचीला ते लाँगबुक सापडलं. ती एकोणीस वर्षांची, पुण्यात शिकते. पोटावर पालथी पडून पानं उलटत होती आणि खिदळत होती. “मावशी, ‘टू डंप’ला तू ‘टाकणे’ लिहिलंयस! नवऱ्याने टाकलेली, तसं? आणि हे क्लोजर रिकामं का?”

“तू भर,” म्हटलं.

तिने पेन घेतलं, पण क्लोजर सोडून सगळ्यात शेवटच्या कोऱ्या पानावर गेली आणि पहिल्या रकान्यात लिहिलं, ‘सिच्युएशनशिप’. हा शब्द २०२३ मध्ये ऑक्सफर्डवाल्यांच्या वर्षाच्या शब्दाच्या अंतिम यादीत होता, हे मला तिच्याकडूनच कळलं. दुसऱ्या रकान्यात सिरियलऐवजी तिने ‘रील्स, सगळीकडे’ असं लिहिलं. तिसऱ्याशी पेन थांबलं.

“म्हणजे काय असतं गं ते?” खाली चकल्यांची पिशवी बांधत आईने विचारलं. तिची पंचाहत्तरी झालीय, कान मात्र शाबूत.

भाचीने समजावून सांगितलं. म्हणजे दोघं एकमेकांबरोबर असतात, आजी, पण काही ठरलेलं नसतं. नाही पण म्हणत नाहीत, हो पण म्हणत नाहीत. रोज बोलतात, पण पुढचं कोणी काढत नाही. महिनोन्‌महिने.

आईने गाठ मारली. “हात्तिच्या,” ती म्हणाली. “म्हणजे बोलणी लांबलीत.”

भाचीने ते लिहून घेतलं.